वाचकांचे प्रश्न : छोट्या विमानाच्या रंगीत खिडक्या

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे खासगी विमानांच्या जुन्या खिडक्या बदलण्याविषयी, आणि त्यातही नव्या खिडक्या रंगीत घ्याव्यात की नाही याविषयी असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. या विमानांच्या खिडक्या बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या, असतात (जिला आपण ‘समोरची काच’ म्हणतो तीही त्यातच आली) आणि पुढील उत्तरांपैकी बऱ्याच उत्तरांचे मूळ त्या पदार्थाच्या स्वभावात आहे. ज्यांच्या विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखला जातो, त्यांनी मात्र ही उत्तरे स्वतःला लागू करू नयेत. तेथे खिडकी हा दाब सोसणारा भाग असतो आणि तिच्याबाबत उत्पादकाच्या कागदपत्रांपलीकडे निवडीला जवळजवळ जागाच नसते.

प्रश्न : माझ्याकडे चार आसनांचे, एका इंजिनाचे, हाय-विंग प्रकारचे जुने विमान आहे. बाजूच्या खिडक्या पिवळसर पडल्या आहेत, समोरच्या काचेवर तिरपे ऊन आले की केसासारख्या बारीक भेगांचे जाळे चमकते आणि मागे बसणारी मंडळी उन्हाने हैराण होतात. सगळ्या खिडक्या एकदमच बदलायच्या आहेत. सगळीकडे गडद करडा रंग घ्यावा, असे मनात आहे. ते योग्य होईल का?

उत्तर : खिडक्या एकदम बदलण्याचा विचार चांगला आहे, कारण नवी आणि जुनी खिडकी शेजारीशेजारी बसवली की रंगाचा मेळ क्वचितच जमतो. सगळीकडे एकच गडद रंग मात्र घेऊ नये. खिडक्यांचा रंग ठरवताना आधी त्यांची दोन गटांत विभागणी करावी. ज्या खिडक्यांतून वैमानिकाला विमान चालवण्यासाठी बाहेर पाहावे लागते त्यांचा एक गट, आणि ज्यांतून केवळ प्रवासी बाहेर पाहतात त्यांचा दुसरा. ही विभागणी माझ्या मनची नाही. हलक्या विमानांच्या प्रमाणनासाठी असलेल्या अमेरिकी नियमांच्या भाग २३ मध्ये, २०१७ साली त्याची फेरमांडणी होण्यापूर्वी, असे स्पष्ट कलम होते की समोरची काच आणि नेहमीच्या स्थितीत बसलेल्या वैमानिकाच्या पाठीच्या रेषेपुढील बाजूच्या खिडक्या यांतून किमान ७० टक्के दृश्य प्रकाश आत आला पाहिजे. आपल्या विमानाला नेमका कोणता नियम लागू होतो, हे त्याच्या टाइप सर्टिफिकेटच्या, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाची रचना मान्य केल्याच्या प्रमाणपत्राच्या, आधारावर ठरते आणि ते देखभाल अभियंत्याकडून तपासून घ्यावे लागते. तथापि नियम कोणताही असला, तरी पुढच्या खिडक्यांसाठी ७० टक्के ही खालची मर्यादा मानून चालणे शहाणपणाचे आहे.

या मर्यादेमागचे कारण दुपारच्या उन्हात उमगत नाही, ते संध्याकाळी उमगते. रंगहीन अ‍ॅक्रिलिकमधून सुमारे ९२ टक्के प्रकाश आत येतो आणि उरलेल्यातला बहुतेक भाग दोन पृष्ठभागांवरून परावर्तित होतो. जिच्यातून निम्माच प्रकाश आत येतो, अशी गडद काच दुपारी सुखद वाटते. परंतु ढगाळ संध्याकाळी दिवे नसलेल्या धावपट्टीवर उतरताना, किंवा धुरकट हवेत समोरून येणारे दुसरे विमान शोधताना, तीच काच गैरसोयीची होते. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय होण्यास अर्धा तास लागतो, वय वाढते तशी अंधारात बाहुली कमी उघडते, आणि दिवस मावळतीला असताना उतरणाऱ्या वैमानिकाला तो अर्धा तास कोणी देत नाही. गॉगल अशा वेळी काढून ठेवता येतो. खिडकी काढून ठेवता येत नाही. म्हणूनच वैमानिकाच्या डोळ्यांचे ऊन गॉगलने आणि सूर्याच्या दिशेने सरकवता येणाऱ्या झडपेने अडवावे, कायमच्या रंगाने नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गॉगल आणि रंगीत खिडकी यांचा परिणाम एकत्र होतो, हेही ध्यानात घ्यावे. वैमानिकांसाठी साधारणपणे १५ ते ३० टक्के प्रकाश आत सोडणारे गॉगल सुचवले जातात. १५ टक्क्यांचा गॉगल ७० टक्क्यांच्या खिडकीमागे वापरला तर डोळ्यापर्यंत साडेदहा टक्के प्रकाश पोचतो, आणि ५० टक्क्यांच्या खिडकीमागे जेमतेम साडेसात. शिवाय समोरची काच तिरपी असते. ४५ अंशांनी कललेल्या काचेतून समोर पाहताना प्रकाशाला तिच्या जाडीपेक्षा सुमारे १४ टक्के अधिक अंतर कापावे लागते, त्यामुळे नमुन्याच्या सपाट तुकड्यातून दिसलेला रंग बसवल्यावर थोडा अधिकच गडद भासतो.

आता रंगाविषयी. करडा रंग सर्व रंगांना जवळपास सारखाच कमी करतो, म्हणून लाल आणि पांढऱ्या दिव्यांतला फरक, नकाशावरच्या छटा आणि ढगांचा खरा करडेपणा त्यातून फारसा बिघडत नाही. फिका हिरवा डोळ्यांना सौम्य वाटतो आणि समोरच्या काचेसाठी तो पुष्कळांना आवडतो. गडद हिरवा मात्र लाल रंग मारतो. तपकिरी रंगामुळे निळसर धुके कमी भासते आणि दूरच्या गोष्टींची कड उठून दिसते, पण पांढऱ्याची झाक बदलते, आणि उतरताना पांढऱ्या व लाल दिव्यांवरून आपण उतरणीच्या वर आहोत की खाली हे ओळखायचे असते, तेथे असा बदल मला नको वाटतो. निळ्या रंगाच्या बाजूने बोलावे असे मला काहीच सापडलेले नाही. हवेतल्या धुळीमुळे आणि धुक्यामुळे विखुरलेला निळसर प्रकाशच तो सर्वांत मोकळेपणाने आत सोडतो.

आपल्या विमानापुरते सांगायचे तर समोरची काच रंगहीन किंवा अगदी फिकी हिरवट घ्यावी, पुढच्या दारांच्या खिडक्या ७० टक्क्यांच्या बऱ्यापैकी वर राहणाऱ्या फिक्या छटेच्या घ्याव्यात, आणि मागच्या आसनांच्या खिडक्यांना आपला गडद करडा रंग खुशाल द्यावा. छतात खिडकी असल्यास ती सर्वांत गडद असली तरी चालते, कारण वळताना त्या बाजूचे आकाश पाहण्यापुरताच तिचा उपयोग होतो आणि डोक्यावरचे ऊन तिच्यातूनच येते. मागे मोठी काच असेल, तर तिच्यातून मागचे विमान पाहण्याची आपल्याला कितपत सवय आहे, यावर तिची छटा ठरवावी.

प्रश्न : गेल्या वर्षी मागच्या खिडक्या गडद रंगाच्या बसवल्या. प्रकाश कमी झाला, पण केबिन पूर्वीइतकीच तापते. पुरवठादाराने फसवले का?

उत्तर : तसे म्हणता येणार नाही, मात्र रंगाकडून जी अपेक्षा ठेवली होती ती पुरी करणे त्या रंगाला शक्यच नव्हते. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात येते, आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये घातले जाणारे नेहमीचे रंग दृश्य प्रकाश अडवत असले तरी जवळच्या अवरक्त किरणांना बव्हंशी वाट देतात. म्हणजे खिडकी डोळ्यांना काळसर दिसते आणि उष्णता मात्र आत येत राहते. अवरक्त किरण शोषून घेणारी अ‍ॅक्रिलिकही मिळतात आणि विमानांच्या खिडक्यांचे उत्पादक ती सहसा ‘सोलर’ अशा नावाने विकतात. त्यामुळे खरेदी करताना दृश्य प्रकाश किती टक्के आत येतो आणि एकूण सौरऊर्जा किती टक्के आत येते, असे दोन आकडे वेगवेगळे विचारावेत. जो विक्रेता एकच आकडा सांगून थांबतो, त्याला दुसरा आकडा लेखी मागावा.

अवरक्त किरण शोषणारी खिडकीही चमत्कार करत नाही. जे शोषले जाते त्यामुळे ती स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता आत सोडते. उड्डाणात बाहेरून वाहणारी हवा तिला थंड ठेवते, म्हणून तिचा लाभ प्रामुख्याने हवेत मिळतो. जमिनीवर उभ्या विमानात तो बराच घटतो. जमिनीवर खरा उपाय म्हणजे खिडक्यांवर बाहेरून घालायचे स्वच्छ आणि मऊ अस्तराचे आच्छादन. ते ऊन खिडकीपर्यंतच येऊ देत नाही. आतून लावायचे चकचकीत पडदे सोपे असतात, पण रंगीत खिडकीला अगदी चिकटवून लावले तर त्यांच्यावरून परतलेले ऊन खिडकीतूनच पुन्हा बाहेर जाते, खिडकी दोनदा तापते आणि मधली हवा कोंडून राहते. अशा उष्णतेने अ‍ॅक्रिलिक वाकल्याची किंवा त्यात भेगा पडल्याची उदाहरणे घडतात, म्हणून पडदा आणि खिडकी यांत मोकळी फट ठेवावी आणि आपल्या विमानाच्या पुस्तिकेत अशा पडद्यांविषयी काही इशारा आहे का, हे आधी पाहावे. बाहेरच्या आच्छादनाचाही एक दोष आहे. ते सैल असले आणि वाऱ्यावर फडफडले, तर खाली अडकलेली धूळ खिडकी घासून काढते.

प्रश्न : खिडक्या बदलण्याऐवजी मोटारीच्या काचांना लावतात तशी फिल्म लावली तर?

उत्तर : लावू नये. मोटारीची फिल्म काचेसाठी बनवलेली असते आणि अ‍ॅक्रिलिक काचेसारखे वागत नाही. ते तापल्यावर काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते, त्यातून बाहेर पडणारा ओलावा आणि वायू फिल्मखाली फुगे धरतात, आणि चिकटद्रव्यातली काही रसायने अ‍ॅक्रिलिकवर हल्ला करतात. शिवाय गडद फिल्म सगळी उष्णता एकाच पृष्ठभागावर गोळा करते. फिल्म काढायची वेळ आली की ती सोडवण्यासाठी जी द्रावणे वापरावीत असे वाटते, नेमकी तीच अ‍ॅक्रिलिकला घातक असतात. याउलट रंगीत अ‍ॅक्रिलिकमध्ये रंग आरपार भिनलेला असतो, त्यामुळे पुढे ओरखडे आले तर बारीक होत जाणाऱ्या घासकागदांनी आणि पॉलिशने ते काढता येतात आणि रंग उडत नाही. प्रमाणित विमानावर मान्यतेशिवाय फिल्म लावणे हा विमानाच्या मान्य रचनेत केलेला बदल ठरतो, ही अडचण आहेच.

प्रश्न : आवाज कमी व्हावा म्हणून ३ मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटर जाडीच्या खिडक्या घ्याव्यात, असे एका मित्राने सुचवले. रंग तोच ठेवला तर काही फरक पडेल का?

उत्तर : फरक पडतो, आणि तो आधी मोजून पाहावा असा आहे. रंग पदार्थात भिनलेला असल्याने जाडी वाढली की प्रकाश अधिक शोषला जातो. समजा ३ मिलिमीटरच्या खिडकीतून ७५ टक्के प्रकाश येतो. पृष्ठभागांवरचे परावर्तन वगळले, तर आतल्या पदार्थातून सुमारे साडेएक्क्याऐंशी टक्के प्रकाश पार होतो. जाडी दुप्पट केली की हे प्रमाण स्वतःशीच गुणले जाते आणि परावर्तन पुन्हा धरल्यावर हाती सुमारे ६१ टक्के उरतात. म्हणजे पुढच्या दारासाठी जी छटा पातळ खिडकीत बिनधोक होती, तीच जाड खिडकीत ७० टक्क्यांच्या खाली गेली. काही उत्पादक जाडीनुसार रंगाचे प्रमाण कमी करून छटा एकसारखी ठेवतात, काही ठेवत नाहीत. म्हणून मागणी नोंदवताना ‘या जाडीला किती टक्के’ असेच विचारावे.

आवाजाबद्दल आपल्या मित्राचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. पत्र्याचे किंवा काचेचे वजन दुप्पट केले की त्यातून येणारा आवाज कागदावर सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. प्रत्यक्षात दाराच्या जुन्या रबरी पट्ट्या, हवेची तोंडे आणि इंजिनाकडची भिंत यांतून आवाज येतच राहतो, त्यामुळे आधी या फटी बुजवल्याशिवाय जाड खिडक्यांचा पैसा वसूल होत नाही. वजन दर चौरस मीटरला ३ मिलिमीटरसाठी साधारण साडेतीन किलो आणि ६ मिलिमीटरसाठी सात किलोंच्या आसपास असते; छोट्या विमानाच्या एकूण खिडक्यांचा विचार करता ही वाढ भयंकर नसली, तरी वजन आणि तोल यांच्या नोंदीत ती यायला हवी. मूळ जाडीच्या खिडक्या पार्ट्स मॅन्युफॅक्चरर अ‍ॅप्रूव्हल, म्हणजेच पीएमए (सुटे भाग बनवण्याची अधिकृत मान्यता), असलेल्या उत्पादकाकडून घेतल्यास मूळ सुट्या भागाऐवजी बसवता येतात. जाडी बदलायची असल्यास मात्र बहुधा त्या विमानासाठीचे सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट, म्हणजे मान्य रचनेत बदल करण्याचे पूरक प्रमाणपत्र, लागते. जुन्या चौकटीची खाच जाड खिडकी मुळात सामावून घेते का, हे त्या कागदपत्रांवरूनच कळते.

प्रश्न : पोलराइज्ड गॉगल घातला की खिडकीवर इंद्रधनुषी पट्टे दिसतात. खिडकी खराब आहे का?

उत्तर : नाही. अ‍ॅक्रिलिक वाकवताना आणि बसवताना त्यात राहिलेले ताण अशा गॉगलमधून रंगीत पट्ट्यांच्या रूपात दिसतात. एखाद्या स्क्रूभोवती मात्र पट्ट्यांची दाट गर्दी दिसली, तर तो स्क्रू फार आवळला गेल्याची ती खूण असू शकते. उड्डाणासाठी पोलराइज्ड गॉगल टाळावा, कारण त्यातून उपकरणांचे एलसीडी पडदे विशिष्ट कोनात काळे पडतात.

प्रश्न : पुरवठादाराने तीन छटांचे तुकडे पाठवले आहेत. घरात सगळे जवळजवळ सारखेच दिसतात. त्यांतून निवड कशी करावी?

उत्तर : घरात निवडूच नये. तुकडे घेऊन विमानात नेहमीच्या जागी बसावे आणि जुन्या खिडकीवर नव्हे, तर उघड्या दारातून बाहेर बघत ते एकेक करून डोळ्यांसमोर धरावेत. आधी भर दुपारी, नंतर सूर्य मावळल्यावर साधारण वीस मिनिटांनी. दुपारी पांढरा कागद उन्हात ठेवून त्याची झाक पाहावी, लाल कापडाचा तुकडा लाल राहतो की मातकट होतो ते पाहावे, आणि आपला नेहमीचा गॉगल घालून हेच पुन्हा करावे. संध्याकाळी धावपट्टीची कड, गवत आणि मोकळी माती यांतला फरक तुकड्यातून आणि तुकड्याशिवाय पाहावा. जो तुकडा बाजूला केल्यावर ‘अरे, अजून इतका उजेड आहे’ असे वाटते, तो पुढच्या खिडक्यांसाठी बाद. दुपारी सर्वांत आवडलेला तुकडा संध्याकाळी बाद होण्याची शक्यता बरीच असते.

तयार खिडकी हाती आली की तिचीही तपासणी करावी. चौकटींचे रेषाकाम असलेला मोठा कागद काही फुटांवर लावावा आणि खिडकीतून त्याकडे पाहत डोके हळूहळू बाजूला न्यावे. रेषा जेथे पोहल्यासारख्या हलतात तेथे साच्यातून आलेली विकृती असते. खिडकीच्या कडेला ती थोडी असणारच. समोरच्या काचेत डोळ्यांच्या उंचीवर ती असेल, तर ती काच बसवण्यापूर्वीच परत करावी, कारण एकदा कड कापली आणि भोके पाडली की ती कोणी परत घेत नाही.

प्रश्न : नवी काच बसवून काही महिनेच झाले आणि स्क्रूंपासून बारीक चिरा निघाल्या आहेत. गडद रंगामुळे असे होते का?

उत्तर : रंग थोडा हातभार लावतो, मुख्य कारण बहुधा बसवण्यात असते. अ‍ॅक्रिलिक तापमानाबरोबर अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते. एक मीटर रुंदीची काच ४० अंश सेल्सियसने तापली, तर ती जवळपास २.८ मिलिमीटरने वाढते आणि तिच्याभोवतीची चौकट एक मिलिमीटरहूनही कमी वाढते. उरलेल्या दोन मिलिमीटरना कुठेतरी जागा हवी असते. गडद काच उन्हात अधिक तापते, म्हणून तिला जागा अधिकच लागते. यासाठी कडेला मोकळीक ठेवावी लागते, भोके स्क्रूपेक्षा मोठी पाडावी लागतात, आणि अशी काच स्क्रूने धरली असल्यास स्क्रू घट्ट बसेपर्यंत आवळून मग एक पूर्ण फेरा मागे फिरवावा, ही कामाची जुनी रीत आहे. धातूसाठी घासलेले नेहमीचे ड्रिल अ‍ॅक्रिलिकमध्ये ओढ खाऊन भोकाच्या काठाला अदृश्य चिरा पाडते. त्यासाठी वेगळ्या कोनात घासलेले ड्रिल वापरावे लागते. कापलेली कड गुळगुळीत केलेली नसेल, तर तिच्यातली प्रत्येक खाच पुढच्या चिरेची सुरुवात ठरू शकते. व्हिनेगरसारखा वास येणारे घरगुती सिलिकोन सीलंट म्हणून वापरले गेले असेल, तर तेही चिरांचे एक कारण असू शकते.

आता काय करावे, याचे उत्तर पत्रावरून देता येत नाही. समोरच्या काचेवरच्या चिरा असल्यास विमान जमिनीवर ठेवून देखभाल अभियंत्याकडून त्यांची लांबी आणि दिशा तपासून घ्यावी. चिरेच्या टोकाला भोक पाडून ती थांबवण्याचा उपाय तात्पुरता असतो आणि वैमानिकाच्या नजरेच्या रेषेत तो मुळीच करू नये.

प्रश्न : रंगीत खिडक्यांची सफाई वेगळ्या पद्धतीने करावी लागते का?

उत्तर : पद्धत तीच, पण रंगीत खिडकीवरचे ओरखडे बाहेरून पटकन दिसतात. आधी भरपूर स्वच्छ पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी. नंतर सौम्य साबणाच्या पाण्याने उघड्या हाताने चोळावे, म्हणजे उरलेला कण बोटांना जाणवतो, आणि त्यापूर्वी अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. पुसण्यासाठी मऊ सुती कापड घ्यावे आणि हात वरून खाली सरळ फिरवावा. गोल फिरवल्याने पडलेल्या ओरखड्यांची सूर्याभोवती प्रभावळ दिसते. कोरडे कापड, कागदी रुमाल, अमोनिया असलेला काचेचा स्प्रे, अ‍ॅसिटोन, पेट्रोल आणि थिनर यांपैकी काहीही खिडकीला लागू देऊ नये. विमान रंगवायला दिले असल्यास जुना रंग काढण्याच्या रसायनापासून खिडक्या नीट झाकल्या आहेत की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे. नव्या खिडकीवरचा संरक्षक कागद काम संपताच काढावा. उन्हात राहिला तर त्याचा डिंक इतका घट्ट बसतो की तो सोडवण्यातच नवी खिडकी जुनी होते.